आठाच्या जागेवरचा काटा

रविवार, ९ मार्च

चि. भोपळ्यास अनेक आशीर्वाद.

पाकिटावर तुझं खरं नाव आहे, आत मात्र भोपळ्याच. पाळण्यात मावत नव्हतास म्हणून पडलेलं नाव आहे. आता अठ्ठावन्नाचा झालास आणि वाळून काठी झालास, म्हणून मी ते बदलणार नाही.

मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, उजवा कान गेला, डावा निघायच्या तयारीत आहे. फोनवर मला ऐकू येत नाही आणि तुला बोलवत नाही, म्हणून पत्र. लिहून घ्यायला तुझी भाची बसली आहे. तिला बजावलंय, मी बोलेन ते तसंच्या तसं उतरव, तुझं शहाणपण तुझ्या चष्म्याच्या दुकानात ठेवून ये. मागच्या वेळी तिने माझं बोलणं एवढं गुळगुळीत केलं होतं, की वाचून दाखवलं तेव्हा मला वाटलं बँकेचं पत्र आलं. हेही लिही गं.

तुझी ताई मजेत. खालचं दुकान एका चाव्या बनवणाऱ्याने घेतलंय. दिवसभर लोखंड घासतो म्हणे, पण मला ऐकू येत नाही, त्यामुळे तो आणि मी दोघंही सुखी आहोत. जिन्यातला दिवा अजून तसाच, त्याच्या मनात आलं तर लागतो. तुझ्या रोपवाटिकेत गारठ्याने रोपं गेली असं ताई म्हणाली. झाकून ठेवत जा. झाडांमध्ये एवढी वर्षं काढलीस, तरी हे मीच सांगायचं का?

आता बातमी. ह्या तुझ्या भाचीला घड्याळांचं वेड आहे हे तुला ठाऊक आहे. नवी नकोत, जुनी हवीत. जितकं जुनं, बंद पडलेलं आणि ओरखडलेलं, तितकं हिला प्रिय. मी म्हटलं, मग मलाच ने की. दर रविवारी येते आणि तुझ्या वडिलांच्या कामाच्या टेबलाचे कप्पे उपसते. गेल्या रविवारी सगळ्यात खालच्या कप्प्यात, स्क्रूंच्या डब्यांच्या मागे, तिला मऊ कातड्यात गुंडाळलेलं एक घड्याळ सापडलं. जपानी, मिनिटं मोजायच्या दोन बटणांचं. लोक त्याला क्रोनोग्राफ म्हणतात.

तू ओळखलंस कुठलं ते.

मी काही बोलले नाही. म्हटलं, बघू तरी पोरीला किती कळतं. तिने स्टूल खिडकीपाशी ओढलं, भिंग डोळ्यात बसवलं. नवशिका माणूस घड्याळ हातात आलं की आधी चावी फिरवून बघतो. हिने चावीला हात लावला नाही. तिथेच मी तिला पास केली. तुझे वडीलही कुणाचं बंद घड्याळ आलं की आधी नुसतं बघत बसायचे, डॉक्टर जीभ बघतात तसे.

आधी तबकडी. कुणी ती मागाहून रंगवून घेतली असेल तर बारीक रेघांच्या कडा फुटतात म्हणे, ह्याच्या फुटलेल्या नाहीत. मूळचा निळा रंग उडून चहासारखा झालाय. मी म्हटलं, मग किंमत गेली. ती म्हणाली, उलट, संग्राहकांना असाच हवा असतो. माणसांचं मात्र असं कुणी म्हणत नाही. मग काटे. अंधारात चमकणारे ठिपके काट्यांवरचे आणि तबकडीवरचे एकाच रंगाने पिवळे पडलेत, म्हणजे काटे पहिल्यापासून ह्याच तबकडीचे. मग मागच्या झाकणावर कोरलेला मोठा आकडा. त्यातला पहिला आकडा सालाचा आणि दुसरा महिन्याचा, असं तिने मला शिकवलं. एप्रिलमध्ये बनलेलं आहे. माणसांच्या पाठीवरही असं कोरून येत असतं तर तुझ्या ताईची मोठी पंचाईत झाली असती.

मग तिने झाकण उघडलं. आतल्या बाजूला कारागिरांच्या खुणा असतात. जो घड्याळ साफ करतो तो सुईने तिथे आपली खूण आणि तारीख ओढतो, हे तुला माहीतच आहे, तू वडिलांच्या घड्याळाच्या दुकानातच रांगलास. तुझ्या वडिलांची खूण तिने लगेच ओळखली, आकडी आणि तिच्या पोटात टिंब. तिच्या शेजारी तीन रेघा होत्या, कावळ्याच्या पायासारख्या. तिने विचारलं, आजी, ही दुसरी कुणाची? मी म्हटलं, काय? तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा म्हटलं, काय? तिसऱ्यांदा कुणी विचारत नाही. बहिरेपणाचे फायदे मी अजून मोजतेच आहे.

शेवटी तिने हलवून ते चालू केलं, तेव्हा मी ते घेतलं आणि दातात धरलं. कानांनी टिकटिक ऐकू येत नाही, पण उरलेल्या चार दातांना कळते. ठोका सरळ आहे. मी तसं म्हटलं, आणि ती माझ्याकडे बघत राहिली. अगं, तुझ्या आजोबांच्या शेजारी अठ्ठेचाळीस वर्षं बसले होते, नुसती शोभेला नव्हे.

तिचं म्हणणं, घड्याळ वरून तरी अस्सल आहे, आता बटणांची यंत्रणा नीट चालते का ते फोन शेजारी ठेवून तपासायचं. आणि ते तिला हवंय. पण ते तुझं आहे. तुझा दोस्त बदक गेल्यानंतर तू ते मनगटावर बांधलं नाहीस, मागितलंही नाहीस, आणि मीही कधी काढून दिलं नाही. तर तिला देऊ का, एवढं कळव. ह्यात दुसरं काही नाही. घड्याळ आहे, एवढंच.

तुझी
आई

*

शनिवार, २२ मार्च

चि. भोपळ्यास आशीर्वाद.

तुझा निरोप भाचीच्या फोनवर आला. विकून टाका, नाहीतर पाण्यात टाका. पाच शब्द. एकदम पाच शब्द तुझ्याकडून फार वेळा मिळत नाहीत, म्हणून मी ते तिच्याकडून तीनदा वाचून घेतले.

विकलेलं नाही आणि टाकलेलंही नाही. का ते सांगते. आज पत्रात विनोद कमी असतील, सवय कर.

तुझ्या भाचीने ते तपासलं. एका हातात फोन, दुसऱ्या हाताने वरचं बटण दाबलं, लांब काटा सुटला. तो एक फेरा पुरा करतो तेव्हा छोट्या तबकडीतला काटा एक घर पुढे जातो, अशी तीस घरं, तीस मिनिटं. फोनवर तीस मिनिटं झाली तेव्हा छोटा काटा तेविसावर होता. तिला वाटलं आपलंच चुकलं. पुन्हा लावलं, चोवीस. तिसऱ्यांदा पुन्हा तेवीस. वेळ दाखवणारे काटे मात्र अगदी बरोबर चालतात. म्हणून बाहेरून काही कळत नाही.

मग तिने आत भिंगाने पाहिलं. छोटा काटा प्रत्येक घरात धरून ठेवायला पापणीच्या केसाएवढी एक स्प्रिंग असते. ह्यातली कंपनीची नाही. कुणीतरी दुसऱ्या घड्याळाची घासून, वाकवून बसवलेली आहे. ती कमजोर आहे, मधूनच एखादं घर सोडते. मग तिने झाकणातली तारीख पुन्हा पाहिली आणि मला विचारलं, आजी, बदकमामा कधी गेले?

ती तेव्हा तीन वर्षांची होती. तिला एवढंच माहीत, की मामाचा एक दोस्त पाण्यात गेला आणि मामा घर सोडून लांब गेला. मी हिशेब तिच्यापुढे मांडला. तारीख बदक जायच्या अकरा दिवस आधीची.

मग मीच बोलले. तिला जे सांगितलं ते तुला सांगायला एकतीस वर्षं उशीर झाला आहे, पण ऐक.

मी तिला सांगितलं, की बदक गोदीतला पाणबुड्या. पाय फाकवून चालायचा म्हणून बदक. जहाजांच्या पोटाखाली जाऊन पंखे साफ करायचा, आणि वर येऊन आपल्याकडे बसून सहा सहा उकडलेली अंडी खायचा. तुझा मामा त्याची दोरी धरायचा. खाली गढूळ पाण्यात काही दिसत नाही, म्हणून घड्याळ वरच्या माणसाच्या मनगटावर. पाठीवरच्या नळकांड्यात हवा पंचवीस मिनिटांची. वीस झाली की दोरीला तीन हिसके द्यायचे, की खालचा वर यायला निघतो. त्या दिवशी मामाने वीस मिनिटांवर हिसके दिले आणि घड्याळ थांबवलं. खालून उत्तर आलं नाही. त्याला ओढून वर काढला तेव्हा उपयोग नव्हता. धक्क्यावरच्या ऑफिसातल्या भिंतीवरच्या घड्याळाप्रमाणे हिसके दिले तेव्हा सव्वीस मिनिटं झाली होती.

हे सगळं तुला माहीत आहे. आता तुला माहीत नाही ते.

तू घरी आलास तेव्हा खांद्यापासून भिजलेला होतास. दाराजवळच्या स्टुलावर बसलास. मी तुझा हात पुसायला घेतला, घड्याळ सोडवलं, फडक्याने टिपलं, आणि खालचं बटण दाबलं. दोन्ही काटे बारावर आले.

काही विचार करून नाही रे. दुकानात थांबलेलं क्रोनोग्राफ हातात आलं की बाजूला ठेवायच्या आधी ते बारावर आणायचं, म्हणजे आतल्या यंत्रणेवर ताण राहत नाही. हजारदा केलेलं काम. माझ्या बोटाला तेवढंच शिकवलेलं होतं, त्याने ते केलं.

पण दाबायच्या आधी मी ते पाहिलं होतं. मला अक्षरं येत नाहीत, आकडे येतात ते बारापर्यंत, कारण तेवढेच तबकडीवर असतात. मला वाचता येत नाही म्हणून मला चित्र लक्षात राहतं. छोट्या तबकडीतला काटा आठाच्या जागेवर होता. लांब काटा दोनाच्या जरासा पुढे. त्या छोट्या तबकडीवर आठाच्या जागी वीस असतात, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसचा माणूस घड्याळ बघायला आला. काटे बारावर. त्याने तुझ्याकडे पाहिलं. तू घड्याळाकडे पाहत राहिलास आणि म्हणालास, "मीच दाबलं असेल." मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. ट्रे खाली ठेवला नाही, तोंड उघडलं नाही. मला वाटलं, आईने मुलाला वाचवायला पुसलं असंच म्हणतील, तुझं आणखी वाईट होईल. आणि मग तू बदकच्या बायकोकडे गेलास आणि मान खाली घालून तिला सांगितलंस, की माझं घड्याळाकडे लक्ष नव्हतं. तुझं लक्ष होतं. तू वीसच पाहिले होतेस. लोकांनी एवढं सांगितलं की तू स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा सोडलास.

त्या दुपारी तुझ्या वडिलांनी ते घड्याळ टेबलावर घेतलं. दुकानातल्या मोठ्या घड्याळासमोर अर्धा तास चालवलं. मी शेजारी होते. अर्धा तास झाल्यावर त्यांनी भिंग काढून खाली ठेवलं आणि म्हणाले, "स्प्रिंग मी बसवली होती." पुढे म्हणाले, गप्प राहायचं. अर्ध्या गोदीची घड्याळं आपल्याकडे यायची. मी गप्प राहिले. सकाळी गप्प राहिले ती भीतीने, दुपारनंतर राहिले ती समजून उमजून.

तू ताईला एकदा म्हणाला होतास, बाबा मला खुनी समजतात. तू घरात आलास की ते उठून जायचे, जेवताना ताटातून मान वर काढायचे नाहीत, तू निघालास तेव्हा जिन्यापर्यंतसुद्धा आले नाहीत. ते तुला दोषी समजत नव्हते रे. त्यांना तुझ्याकडे बघवत नव्हतं.

तुझे डोळे खरे होते. घड्याळ खोटं होतं. एवढंच सांगायचं होतं, बाकी काही नाही.

आई

*

शनिवार, ५ एप्रिल

भोपळ्या,

आज आशीर्वाद शेवटी आहेत. तिथपर्यंत पोचल्यावर घ्यावेसे वाटले तर घे.

परवा तुझा फोन आला. भाचीने तो माझ्या डाव्या कानाला लावला. शब्द कळले नाहीत, पण तू ओरडत नव्हतास, सावकाश बोलत होतास, एवढं कळलं. ओरडला असतास तर बरं झालं असतं. नंतर मी तिला विचारलं काय म्हणाला, तर म्हणाली, काही नाही, तब्येत विचारली. तिला खोटं बोलता येत नाही, तिच्या आईवर गेली आहे. माझ्यावर गेली असती तर जमलं असतं. शेवटी सांगितलंन. तू वडिलांचा फोटो भिंतीवरून काढून कुंड्यांच्या मांडणीमागे ठेवलास. आणि म्हणालास, ते गेले तेव्हा मी एक दिवससुद्धा थांबलो नाही ते बरंच केलं.

म्हणून हे पत्र. फोटो परत लाव.

मागच्या पत्रात मी खोटं सांगितलं नाही, पण मध्येच थांबले. घड्याळाने घरं गाळली तशी मीही गाळली. आता भाची मान वर करून बघते आहे. बघू नकोस, लिही.

बदक जायच्या अकरा दिवस आधी तू ते घड्याळ साफ करायला दिलंस. बटण जड लागतं म्हणालास. दुकानातली आमची कामाची वाटणी तुला आठवत असेल. घड्याळ उघडायचे ते, भाग सुटे करायचे ते. पेट्रोलच्या वाटीत ते भाग धुऊन, वाळवून, कागदावर ओळीने मांडायची मी. वाटीतलं पेट्रोल ओतून द्यायचं ते नेहमी फडक्यातून गाळून, कारण एखादा बारीक भाग तळाला राहिलेला असू शकतो. एवढ्या वर्षांत एकदाही चुकले नव्हते.

त्या दिवशी बदक काउंटरवर पाय हलवत बसला होता. पाण्याखाली त्याला एका खेकड्याने कुठे धरलं त्याची गोष्ट सांगत होता. कुठे ते सांगत नाही, भाची लिहिते आहे. मी इतकी हसले, इतकी हसले, की डोळे पुसत पुसत वाटी उचलली आणि तशीच मोरीत ओतली.

ती स्प्रिंग त्यात गेली.

मग आम्ही शोधली. मोरीची जाळी उचकटली, चुंबक फिरवलं, फरशीच्या सांधी सुईने उकरल्या. बदकही शोधत होता. गाल जमिनीला टेकवून, एक डोळा मिटून, टेबलाखाली. म्हणत होता, मावशी, पाण्याखाली मला हातोडा सापडतो, इथे कोरड्यावर तुमचा केस सापडत नाही. त्याच्या गालाला धूळ लागली होती ती मी पदराने पुसली.

नाही सापडली. कंपनीची मागवायची तर तीन महिने, आणि तुला सोमवारी कामावर घड्याळ हवं होतं. तुझ्या वडिलांनी दुसऱ्या एका घड्याळाची काढली, घासली, वाकवली, बसवली. पाच मिनिटं चालवून पाहिली, नीट चालली. तीस मिनिटं चालवायला हवी होती. दुकानात तीन गिऱ्हाइकं उभी होती. मला ते एक शब्द बोलले नाहीत. नुसते म्हणाले, बसली. झाकणात आपली खूण आणि तारीख ओढली आणि सुई माझ्या हातात दिली, नेहमीसारखी. धुणारा आणि बसवणारा, दोघांनी आपापली खूण करायची, ही त्यांची पद्धत. गोदीपर्यंतच्या एकाही दुकानात बायकोला सुई मिळत नव्हती, मला मिळत होती. मी तीन रेघा ओढल्या. भाची, कावळ्याच्या पायाचा तो कारागीर तुझ्या समोर बसला आहे.

तर त्या दुपारी भिंग खाली ठेवून ते म्हणाले, स्प्रिंग मी बसवली होती. तू हरवलीस, असं म्हणाले नाहीत. त्यानंतर एकोणीस वर्षं जगले, रोज त्या टेबलाला माझ्या शेजारी बसले, एकदाही म्हणाले नाहीत. भांडणातसुद्धा नाही, आणि आम्ही कमी भांडलो असं नाही.

दुकानाच्या नावासाठी गप्प राहायला सांगितलं असं तुला वाटावं, अशा बेताने मी मागच्या वेळी लिहून घेतलं. दुकान गेलं असतं तर गेलं असतं. तू निघून गेल्यावर एकदा मी त्यांना म्हटलं, आता सांगू या, मी सांगते, माझ्या हातून झालं. तेव्हा हातातला चिमटा न ठेवता ते म्हणाले, "त्याला बघायला ह्या घरात एक तरी तोंड राहू दे. माझं जाऊ दे, तुझं राहू दे."

आणि तसंच झालं. तू माझ्यासाठी येत राहिलास. वर्षातून एकदा, दोन तासांसाठी, पण येत राहिलास. ते बाहेर निघून जायचे आणि तू मला विचारायचास, गुडघे कसे आहेत. ते कोपऱ्यावरच्या बाकावर बसून राहायचे, तू वळलास की वर यायचे आणि विचारायचे, काय म्हणाला? मी सांगायची, गुडघ्यांचं विचारलं. ते म्हणायचे, बरं. एकोणीस वर्षं तुझं जे काही माझ्या वाट्याला आलं, त्यातलं निम्मं त्यांचं होतं. मी ते घेत राहिले. गोडही लागत होतं, हे सगळ्यात वाईट.

भाचीने पेन खाली ठेवलं होतं. मी थांबले, चहा झाला, आता पुन्हा धरलंय.

बदकच्या बायकोकडे मी काल जाऊन आले. जिने चढताना भाचीने धरलं. सगळं सांगितलं, खेकड्यापासून. ती म्हणाली, तुमचा मुलगा तेव्हा माझ्यासमोर उभा होता, मी त्याला बस म्हटलं नव्हतं. हे तुला कळवा म्हणाली. माझ्याबद्दल काही म्हणाली नाही. तो तिचा हक्क आहे.

आता घड्याळ. भाचीला कुठून तरी त्या जातीची खरी स्प्रिंग मिळाली आहे. ती बसवली की संग्राहकाच्या भाषेत घड्याळ पूर्ण होतं. मी तिला बसवू दिली नाही. नंतर तू हवी तर बसव, डबी सोबत आहे. आज मी तिला दुसरंच काम सांगितलं. घड्याळ चालव आणि मी सांगेन तिथे थांबव. छोटा काटा आठाच्या जागी, लांब काटा दोनाच्या जरासा पुढे. पहिल्यांदा लांब काटा दोनाच्या अलीकडेच थांबला. पुन्हा बारावरून लावलं, अर्धा तास गेला. पुन्हा चुकलं. तिच्या दुकानातलं सगळ्यात जाड भिंग डोळ्याला लावून मी बसले होते. चौथ्यांदा जमलं. तू ते माझ्या घरी आणलंस तेव्हा जसं होतं तसं आता आहे. मी पुसलं होतं ते परत मांडलं आहे, मला येत होतं तेवढं.

खालच्या बटणाखाली बुचाचा तुकडा अडकवला आहे, टपालात दाबलं जाऊ नये म्हणून. तुझं पाहून झालं की तुकडा काढ. मग ते बटण दाबायचं की तसंच ठेवायचं, ते तू ठरव. मी दाबलं तेव्हा तुला विचारलं नव्हतं.

ये असं म्हणायला मला तोंड नाही, म्हणून म्हणत नाही. एवढंच सांगते, की कान गेले तरी डोळे शाबूत आहेत, भाचीने मागच्याच आठवड्यात तपासले. तू दारात आलास तर मी मान वळवणार नाही, आणि तू वळवलीस तर मी बसून राहीन.

फोटो लाव. माझा लावू नकोस, मी अजून आहे.

अनेक आशीर्वाद.

‘आई’ हे खाली भाचीने लिहिलं आहे. त्याच्या शेजारच्या तीन रेघा माझ्या हाताच्या.

आई   \ | /